गटात बसून आपापली हकिकत : वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात या सदरात मुक्त गटमुलाखतीविषयी थोडे लिहिले होते. प्रश्नांची ठरीव यादी हातात न घेता सहा-आठ माणसांना एकत्र बसवावे, एक मोकळा प्रश्न विचारावा आणि एकमेकांचे ऐकता ऐकता त्यांना आपापली हकिकत सांगू द्यावी, एवढाच त्या मजकुराचा आशय होता. त्यावर मराठवाड्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून गाळली आहेत.

प्रश्न : मी समाजकार्य शाखेची विद्यार्थिनी असून ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांवर लघुप्रबंध लिहीत आहे. केज तालुक्यातील एका तांड्यावर नऊ जणींना एकत्र बसवून मी माझी बेचाळीस प्रश्नांची यादी वाचली. 'बरं हाय', 'काही तरास नाही', 'मुकादमाला इचारा' अशी उत्तरे मिळाली आणि अर्ध्या तासात बैठक उरकली. मी वही मिटल्यावर मात्र त्याच बायका आपसात भरभरून बोलू लागल्या. माझे काय चुकले? – विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : वही मिटल्यावर त्या बोलू लागल्या, यातच तुमचे उत्तर आहे. बायका बोलक्या होत्या. यादीने त्यांना गप्प केले.

बेचाळीस प्रश्न वाचून दाखवणारी व्यक्ती तांड्यावर कोणासारखी दिसते, याचा विचार करा. घरकुलाची पाहणी, शिरगणती, रेशनकार्डाची तपासणी अशा प्रत्येक कामासाठी कोणीतरी कागद घेऊन येऊन गेलेले असते, आणि कागदावर जे उतरते त्याचे पुढे काहीतरी बरेवाईट होते हे त्या बायकांना अनुभवाने ठाऊक असते. ज्या घराने मुकादमाकडून उचल घेतली आहे आणि ज्या नवरा-बायकोचा कोयता येत्या हंगामात त्याच टोळीत लागायचा आहे, त्या घरातली बाई अनोळखी मुलीच्या वहीत 'त्रास आहे' असे कशाला लिहू देईल?

विचारणाराच उत्तराला वळण लावतो, ही तक्रार जुनी आहे. नोव्हेंबर १९४१ मध्ये न्यूयॉर्क येथे पॉल लाझार्सफेल्ड या समाजशास्त्रज्ञाने आपले सहकारी रॉबर्ट मर्टन यांना एका नभोवाणी स्टुडिओत नेले. तेथे जमवलेले श्रोते कार्यक्रम ऐकता ऐकता आवडलेल्या जागी हिरवे आणि न आवडलेल्या जागी लाल बटण दाबत असत, आणि नंतर एक जण त्यांना त्याची कारणे विचारीत असे. तो विचारणारा नकळत उत्तरे सुचवतो आहे आणि श्रोते जे सांगू पाहत आहेत ते ओलांडून पुढे जातो आहे, हे मर्टन यांच्या ध्यानात आले. त्यातून पुढे त्यांनी पेट्रिशिया केंडल यांच्यासह १९४६ मध्ये केंद्रित मुलाखतीची पद्धत लिहून काढली. बाजारपेठेच्या संशोधकांनी 'फोकस ग्रुप' म्हणून जे उचलले, त्याचे मूळ येथे आहे. मात्र साबणाच्या वेष्टनाविषयी मते गोळा करणारा गट आणि आयुष्याची हकिकत सांगणारा गट यांत फार अंतर आहे. तुम्हाला दुसरा हवा आहे.

मत आणि हकिकत यांतला फरक प्रश्नापासूनच सुरू होतो. 'तोडीवर तुम्हाला कोणत्या अडचणी येतात?' असे विचारले की बाईला आधी स्वतःचे आयुष्य चाळून त्यातून 'अडचण' नावाची वस्तू वेगळी काढावी लागते, आणि मग ती तुमच्यापुढे ठेवावी की नाही हे ठरवावे लागते. त्याऐवजी 'मागच्या दसऱ्यानंतर गाव सोडलेत, त्या दिवशी पहाटे उठल्यापासून सांगा. काय काय बांधून घेतलेत, कोणाला मागे ठेवलेत, गाडी कुठे थांबली' असे विचारा. जर्मन समाजशास्त्रज्ञ फ्रित्झ श्युत्से यांनी १९७० च्या दशकात कथनात्मक मुलाखतीची जी पद्धत बसवली, तिच्या मुळाशी हेच निरीक्षण आहे. माणूस एकदा घडलेले सांगू लागला की त्याला तीन ओढी लागतात : ऐकणाऱ्याला कळावे म्हणून तपशील भरण्याची, सुरू केलेली गोष्ट शेवटास नेण्याची, आणि सगळे सांगणे अशक्य असल्यामुळे महत्त्वाचे निवडण्याची. या ओढींमुळे तो ठरवले होते त्यापेक्षा अधिक सांगून जातो. जात्यावर बसले की ओवी सुचते, हे आपल्याकडे आधीच सांगून ठेवलेले आहे. श्युत्से यांची पद्धत एकाच माणसाला समोर बसवून त्याला अडथळा न आणता ऐकण्याची आहे. गटात ती जशीच्या तशी चालत नाही, कारण एकीची हकिकत दुसरी मध्येच उचलते. परंतु गटाचा फायदाही तोच. 'आमचा लेक आजीपाशी ठेवला होता' हे एकीने म्हटले की पलीकडच्या बाईला कोणी न विचारता स्वतःचा लेक आठवतो. तुमच्या बेचाळीस प्रश्नांपैकी निम्म्यांची उत्तरे अशी वाटेत येऊन पडतील, आणि उरलेले निम्मे अनावश्यक होते हेही कळेल.

आता बैठकीच्या मांडणीविषयी. हंगामात, फडावर किंवा कोपीवर जाऊन ही बैठक घेऊ नका; पहाटे तीनला उठलेल्या बाईला संध्याकाळी भाकरी थापायच्या असतात आणि मुकादम हाकेच्या अंतरावर असतो. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, टोळ्या परत आल्यावर, उन्हाळ्यातल्या दुपारी, लिंबाखाली किंवा एखाद्या ओट्यावर बसा. मुकादमाच्या घरातली बाई त्या बैठकीत नसावी. तिला वगळल्याचा बोभाटा नको असेल तर तिच्याशी वेगळी बैठक ठरवा. हाताला काम असू द्या. वाकळ शिवताना किंवा निवडण निवडताना नजर हातातल्या कामावर असते, आणि नजरेला नजर न देता जे बोलता येते ते समोरासमोर बोलवत नाही. प्रश्न विचारल्यावर जी शांतता पडेल ती तुम्ही भरून काढू नका. नवख्या मुलाखतकाराला दहा सेकंदांची शांतता दहा मिनिटांसारखी वाटते आणि तो घाईने दुसरा प्रश्न विचारून पहिल्याचा घात करतो. मी स्वतः हे पुष्कळदा केले आहे.

तुम्ही पत्राच्या शेवटी गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा उल्लेख केला आहे, म्हणून थोडे अधिक लिहितो. २०१९ मध्ये राज्य शासनाने नेमलेल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीचे आकडे आले आणि त्यांत १३,८६१ जणींवर ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. एवढी मोजणी यादीनेच होऊ शकते. नऊ बायकांच्या बैठकीतून ती होत नाही, म्हणून प्रबंधात 'नऊपैकी सहा जणींनी सांगितले' अशी वाक्ये लिहू नका. गटातून मिळते ते नव्या समजुतीचे बीज, आणि ते किती दूरवर पसरलेले आहे हे इतर मार्गांनी तपासावे लागते, असे मर्टन यांचेही म्हणणे होते. मात्र एका बाईच्या निर्णयापर्यंत खाडा, त्याचा दंड, पाळीच्या दिवसांतली मोळी, डॉक्टरने घातलेली भीती आणि 'लेकरं झाली, आता काय करायची पिशवी' हे सासूचे वाक्य कोणत्या क्रमाने येऊन पोहोचले, ते आकड्यातून कळत नाही. हा विषय गटात तुम्ही काढू नका. तो निघाला तर बहुधा 'आमच्या जावेचं असं झालं' या रूपात निघेल. ती जाऊ खरोखर जाऊ आहे की बोलणारी स्वतःच, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार नाही. जावेची म्हणून सांगितलेली गोष्ट जावेची म्हणूनच ऐका; पुढे कधी एकटीने भेटावेसे तिला वाटले तर ती निरोप पाठवील.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. १९९३ च्या भूकंपाच्या आठवणी नोंदवाव्यात म्हणून आमच्या पुनर्वसित गावाच्या समाजमंदिरात दहा-बारा जणांची बैठक घेतली. त्यात एक माजी पदाधिकारी पाऊण तास बोलले. उरलेल्यांचे तपशील एकमेकांशी जुळेनात. मदत त्याच दिवशी आली की तिसऱ्या दिवशी, यावर तर दोघांचे भांडण झाले. यातले खरे काय मानावे आणि बोलणाऱ्याला थांबवावे कसे? – निवृत्त शिक्षक, औसा तालुका

उत्तर : गुरुजी, थांबवण्याचे आधी पाहू. ज्यांनी पाऊण तास घेतला त्यांनी ही हकिकत मंत्र्यांपुढे, पत्रकारांपुढे आणि दर वर्षी ३० सप्टेंबरच्या कार्यक्रमात सांगितलेली असणार. सांगून सांगून ती गुळगुळीत झाली आहे आणि तिच्यात 'आम्ही' पुष्कळ, 'मी' थोडा उरला आहे. असे भाषण मध्येच तोडले तर मान दुखावतो आणि बाकीचेही धास्तावतात. ते पूर्ण होऊ द्यावे, आभार मानावेत, आणि मग ज्याचे भाषण आजवर कोणी केलेले नाही असे काही सर्वांना विचारावे. आदल्या संध्याकाळी अनंत चतुर्दशीचे विसर्जन होते. 'विसर्जनाहून घरी आल्यावर त्या रात्री घरात कोण कुठे झोपले होते?' एवढाच प्रश्न विचारून पाहा. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे ही वेळ भूकंपमापकांनी नोंदवून ठेवलेली आहे. ती गावकऱ्यांकडून पुन्हा वदवून घेण्यात काय हशील? माळवदाखाली कोण होते, अंगणात बाज टाकून कोण होते आणि त्या रात्री जागा बदलून कोण झोपले होते, हे मात्र कोणत्याही यंत्राने नोंदवलेले नाही.

याहून चांगला उपाय म्हणजे जुन्या गावाचा नकाशा. समाजमंदिराच्या फरशीवर खडूने वेस, मारुतीचे देऊळ आणि आड एवढेच काढा व खडू दुसऱ्याच्या हाती द्या. आपले घर दाखवायला प्रत्येकाला वाकावे लागते, आणि वाकलेला माणूस भाषण करीत नाही. खेड्यांतल्या सहभागी पाहणीच्या पद्धतीत असे नकाशे नेहमी काढले जातात. तुमच्या गावात त्यांना वेगळीच धार येईल, कारण भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि सरळ रस्त्यांच्या, आखीव ओळींच्या नव्या रचनेत जुन्या गल्ल्या आणि भावक्या विस्कटल्या. माझ्या एका बैठकीत नकाशा काढताना दोन म्हाताऱ्या आपल्या घरांमधल्या सामाईक भिंतीवरून हुज्जत घालू लागल्या. ती भिंत पडून तेव्हा पंचवीस वर्षे होऊन गेली होती. त्या हुज्जतीतून त्यांच्या शेजाराची, रुसव्यांची आणि त्या पहाटे एकीने दुसरीच्या नातवाला कसे उकरून काढले त्याची जी हकिकत निघाली, ती कोणत्याही प्रश्नाने निघाली नसती.

आता खरे-खोटे. जे पडताळता येते ते पडताळावे. मदत कोणत्या दिवशी पोहोचली, हे त्या काळच्या वर्तमानपत्रांत आणि जिल्ह्याच्या दप्तरात पाहता येईल. परंतु पडताळणीत एखादी आठवण चुकीची ठरली म्हणून ती फेकून देऊ नका. इटलीतल्या तेर्नी या पोलादाच्या गावात १७ मार्च १९४९ रोजी नाटोविरोधी मोर्चात लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार पोलिसांच्या हातून मारला गेला. मौखिक इतिहासाचे अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी पुढे तेथील लोकांशी बोलणी केली, तेव्हा अनेकांनी तो मृत्यू १९५३ मध्ये, कारखान्यातून कामगारांना मोठ्या संख्येने काढून टाकले त्या वेळच्या आंदोलनात झाला असे सांगितले. तारीख चुकली होती. पण चूक सर्वांची एकाच दिशेने झाली होती. आपला माणूस गेला तो आपल्या पोटाच्या लढाईत गेला असावा, ही त्या गावाची गरज त्या चुकीत बोलत होती. तुमच्या बैठकीतला जो गृहस्थ मदत त्याच दिवशी आली म्हणतो आणि जो तिसऱ्या दिवशी आली म्हणतो, त्यांचा वाद मिटवू नका. पहिल्याचे कोणी ढिगाऱ्याखालून जिवंत निघाले का आणि दुसऱ्याचे कोणी वाट पाहता पाहता गेले का, हे हळूच समजून घ्या. मग दोन्ही विधाने शेजारी शेजारी लिहा आणि खाली दप्तरातली तारीख लिहा.

एक सूचना मात्र आग्रहाने करतो. वर्षश्राद्धाच्या आठवड्यात ही बैठक घेऊ नका. त्या दिवसांत हार असतात, कॅमेरे असतात आणि सगळी भाषणेच होतात.

प्रश्न : गटात किती माणसे असावीत, किती वेळ बसावे आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग करावे का? – ग्रामपंचायत सदस्य, जालना जिल्हा

उत्तर : सहा ते आठ माणसे पुरेत. दहाच्या वर गेल्यास तिची सभा होते व सभेला अध्यक्ष लागतो. वेळ दीड-दोन तास. रेकॉर्डिंग सर्वांना विचारून, फोन सर्वांच्या मधोमध दिसेल असा ठेवून करावे आणि त्या वेळी तो फ्लाइट मोडवर टाकावा. दुसरा एक जण नुसता टिपण्यासाठी बसवावा. त्याने कोण कुठे बसले याचे रेखाटन करावे आणि प्रत्येक नवा आवाज सुरू झाला की त्याचे पहिले दोन शब्द व बोलणाऱ्याचा क्रमांक लिहावा, कारण आठ बायकांचे आवाज चार दिवसांनी रेकॉर्डिंगवर वेगळे ओळखता येत नाहीत.

प्रश्न : आमच्या भागात पोलीस ॲक्शनचा काळ पाहिलेली मोजकीच माणसे उरली आहेत. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत. सर्वांना एकत्र बसवून त्या दिवसांच्या हकिकती घ्याव्यात असा विचार आहे. ते योग्य ठरेल का? – महाविद्यालयीन प्राध्यापक, उदगीर

उत्तर : पहिल्या बैठकीला एकत्र बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शनने, म्हणजे भारतीय लष्कराच्या कारवाईने, निझामाचे हैदराबाद संस्थान भारतात आले आणि आपण १७ सप्टेंबर हा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो. रझाकारांच्या जुलमाच्या हकिकती, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील लढा, सरहद्दीवरील कॅम्प, भूमिगतांना पोहोचवलेल्या भाकरी हे सगळे शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत आलेले आहे, आणि ते यायलाच हवे होते. त्याच वेळी ॲक्शननंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, लातूर, नांदेड या भागांत मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले त्याची चौकशी करण्यासाठी केंद्र सरकारने त्याच वर्षाच्या अखेरीस पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती आणि तिचा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. म्हणजे तुमच्या बैठकीतल्या काहींच्या आठवणींना व्यासपीठ मिळालेले आहे आणि काहींच्या आठवणी घराच्या उंबऱ्यापलीकडे गेलेल्या नाहीत. अशांना एका सतरंजीवर बसवले की पहिला गट सांगतो आणि दुसरा मान डोलावतो. किंवा दोघेही सभ्यपणे 'आमच्या गावात मात्र काही झालं नाही, सगळे भावासारखे राहिले' एवढेच म्हणतात. ते वाक्य खोटे असेलच असे नाही; परंतु त्यापुढे बैठक सरकत नाही.

आधी वेगवेगळे बसा. एका वेळी दोघे-तिघे पुष्कळ झाले, कारण ही माणसे नव्वदीच्या आगेमागे आहेत. सकाळची वेळ धरा आणि जवळ त्यांचे नातवंड असू द्या. ही सर्व माणसे तेव्हा दहा-बारा वर्षांची मुले होती, हे विसरू नका. मुलाने जे पाहिले ते विचारा : शाळा किती दिवस बंद होती, आईने दाराला काय लावले, कोणाच्या धान्याच्या बळदात कोण लपले. संस्थानाचे राजकारण त्यांच्याकडून ऐकण्याची अपेक्षा करू नका, कारण ते त्यांनी नंतर वाचलेले किंवा ऐकलेले असते. निझामाच्याच राज्यातल्या तेलंगण सशस्त्र लढ्यात उतरलेल्या स्त्रियांच्या आठवणी हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने १९८० च्या दशकात जमवल्या. लढ्याच्या लिखित इतिहासात या स्त्रिया जवळजवळ नव्हत्याच. त्यांची भूक, बाळंतपणे, मागे सोडलेली मुले आणि लढा संपल्यावर 'आता घरी जा' म्हणून मिळालेला निरोप हे त्यांच्या तोंडूनच ऐकायला मिळाले. उदगिरातल्या म्हाताऱ्या बायकांना तुम्ही पत्रात मोजलेले दिसत नाही. त्यांना आधी गाठा.

यानंतर दोन्हीकडच्यांना एकमेकांना भेटावेसे वाटले तर जरूर बसवा, पण विषय हिंसेचा ठेवू नका. निझामाचा हाली रुपया आणि इंग्रजी अमलातला कलदार रुपया यांचा बट्टा, उर्दू माध्यमाची शाळा, मौलवीसाहेबांची छडी, बाजारचा दिवस असे काही मध्ये ठेवा. उर्दूत शिकलेले दोन ब्राह्मण, मराठा किंवा मुसलमान म्हातारे अलिफ-बे म्हणण्यात एकमेकांवर कुरघोडी करू लागले की त्यांची पुढची वाट त्यांना स्वतःला ठरवू द्या. आणि गट जमेपर्यंत थांबू नका. ज्याची प्रकृती नरम आहे त्याच्याकडे या आठवड्यात एकटेच जा.

प्रश्न : आमच्या बचत गटाच्या नऊ जणींनी 'लग्न होऊन या गावात आलो तेव्हापासूनची गोष्ट' अशी बैठक केली. फार छान झाली. त्यात एकीने नवऱ्याच्या मारहाणीविषयी सांगितले आणि ती रडली. आठ दिवसांत ते गावभर झाले. आता ती गटात येत नाही. मी बैठक चालवली होती. मला झोप लागत नाही. – बचत गट अध्यक्षा, हिंगोली जिल्हा

उत्तर : ताई, तुम्ही लपवाछपवी न करता लिहिलेत, तेव्हा मीही स्पष्ट लिहितो. चूक झाली आहे, आणि ती बैठक भरवण्याआधीच झाली होती.

एकट्या माणसाची मुलाखत घेताना 'हे माझ्यापाशी राहील' असा शब्द देता येतो. गटात तो देता येत नाही, कारण बाकीच्या आठ तोंडांची हमी तुम्ही घेऊ शकत नाही. म्हणून बैठकीच्या आरंभीच सांगावे लागते की येथे बोललेले बाहेर जाऊ नये अशी सर्वांनी शपथ घेतली तरी ते जाऊ शकते. तेव्हा जे उद्या पाणवठ्यावर ऐकायला चालेल तेवढेच सांगा. असे सांगितल्याने बैठक थोडी कोरडी होते, आणि ती तशी होऊ द्यावी. दुसरे म्हणजे बचत गट हा अशा हकिकतींसाठी सर्वांत अवघड गट आहे. त्यातल्या बायका एकमेकींच्या जावा, नणंदा, शेजारणी असतात. एकीचा हप्ता थकला तर दुसरीला भरावा लागतो. आणि दर आठवड्याला पुन्हा भेटायचे असते. अनोळखी बायकांत बसून एखादी जे सांगू शकेल ते जावेसमोर सांगितले की त्याची किंमत तिला घरी मोजावी लागते. तिसरे, ती सांगू लागली तेव्हा बैठकीला रंग चढला असे तुम्हाला वाटले असेल. अशा वेळी तिच्या हातावर हात ठेवून 'माय, हे आपण दोघी नंतर बोलू' असे म्हणून वळण बदलायला हवे होते. गोष्ट अपुरी राहिली असती तर राहू द्यायची.

आता काय करावे? तिच्या घरी जाऊ नका. नवरा तिथे आहे. शेतात, दवाखान्यात, माहेरी, जिथे ती एकटी भेटेल तिथे भेटा. माफी मागा आणि खुलासे देऊ नका. रेकॉर्डिंग केले असेल तर तिचा भाग तिच्या डोळ्यांदेखत पुसून टाका. मारहाण चालू आहे का, हे विचारा. असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात व त्यांच्यापर्यंत जाता येते, हे तिला सांगा; पण जायचे की नाही ते तिने ठरवायचे आहे, तुमच्या गटाने नव्हे. ती गटात परत आली तर तिच्याविषयी कोणी अवाक्षर काढू नये, एवढे उरलेल्या आठ जणींना तुम्ही अध्यक्षा म्हणून बजावू शकता. ती परत आली नाही, तर तिच्या बचतीचा हिशोब तिला न मागता नेऊन द्या.

प्रश्न : १९७२ च्या दुष्काळाविषयी गटात घेतलेल्या हकिकती आम्ही लिहून काढीत आहोत. बोलीत लिहावे की शुद्ध मराठीत? काही सहकाऱ्यांच्या मते बोलीत लिहिले तर माणसे अडाणी वाटतात. – वाचनालय कार्यकर्ते, परभणी

उत्तर : बोलीत लिहावे. माणसे अडाणी वाटत असतील तर तो दोष वाचणाऱ्याच्या नजरेचा आहे, आणि तो झाकण्यासाठी बोलणाऱ्याची जीभ बदलणे मला मान्य नाही. शुद्ध करताना अर्थही बदलतो. 'बहात्तरला आमी खडीवर होतो' या वाक्यात खडी फोडताना हाताला आलेले फोड, मुकादमाची हजेरी आणि आठवड्याची मजुरी हे सर्व 'खडीवर' या एका शब्दात आलेले आहे. तुमच्या सहकाऱ्याने त्याचे 'आम्ही रोजगार हमी कायद्याच्या कामावर होतो' असे केले तर ते चक्क चुकीचे होईल, कारण तो कायदा १९७७ चा आहे. 'सुकडी' ला 'पूरक आहार' आणि 'मिलो' ला 'आयात ज्वारी' लिहिले की तोंडात आलेला त्या दाण्याचा कडसरपणा कागदावर येत नाही. वाचकाला न कळणारा शब्द असेल तर पानाखाली त्याचा अर्थ द्या.

गटातले बोलणे लिहिताना एक काळजी अधिक घ्यावी लागते. एकट्याची हकिकत सलग लिहिता येते. गटात मात्र कोणी कोणाच्या बोलण्यावर बोलले, कुठे सगळे हसले, कुठे एकाने वाक्य सुरू केले आणि दुसऱ्याने पुरे केले, हेही लिहायला हवे. 'तवा आमच्या घरी दाणा नव्हता' असे एकाने म्हणताच 'तुमच्या घरी नव्हता? तुमच्या ओट्यावर तर पोती होती' असे दुसरा म्हणाला आणि मग तिघे जण गप्प बसले, तर ती शांतता लिहिली नाही तर त्या बैठकीचा निम्मा मजकूर हरवतो. एक तासाच्या अशा रेकॉर्डिंगला उतरवून काढण्यासाठी सहा-सात तास धरून चाला, आणि ते काम बैठकीत हजर असलेल्यानेच करावे.

लिहून झाल्यावर तेच गट पुन्हा बसवून सगळे वाचून दाखवा. कोणी 'हे माझं वाक्य काढा' म्हणेल. ते कारण न विचारता काढा. कोणी 'मी असं म्हणलोच नव्हतो, असं होतं ते' म्हणून नव्याने सांगू लागेल. म्हणून त्या दिवशीही फोन सोबत न्या आणि वाचन सुरू होण्याआधी, सर्वांना विचारून, पुन्हा मधोमध ठेवा.